तीन दिवसांची नोकरी आणि रक्ताच्या कॅन्सरचं कोडं : डॉ. जॅनेट राउली यांचं संशोधन

डॉक्टरांनी "रक्ताचा कॅन्सर" असं सांगितलं की बऱ्याच घरांत त्यापुढचं काही ऐकलंच जात नाही. अम्मी रडायला लागते, चाचा-मामा दागिने मोडायचे की जमीन विकायची यावर बोलू लागतात. भेटायला आलेले लोक "आता दुआ करा" एवढंच म्हणून उठतात. दुआ तर करायचीच. पण त्याच वेळी डॉक्टरांना एक साधा प्रश्न विचारायला हवा : रक्ताचा कॅन्सर, पण कोणता?

कारण रक्ताचा कॅन्सर, म्हणजेच ल्युकेमिया, हा एक आजार नाही. त्याचे अनेक प्रकार आहेत आणि प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. त्यातला एक प्रकार 'सीएमएल' या नावाने ओळखला जातो, म्हणजे क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया. पूर्वी या आजाराचं निदान झाल्यावर माणूस साधारण तीन ते सहा वर्षं जगायचा. आज रोज गोळी घेऊन या आजाराचे बहुतेक रुग्ण नोकरी करतात, दुकान सांभाळतात, नातवंडं खेळवतात.

हा फरक एका दिवसात पडला नाही. त्यामागे चाळीस वर्षांची मेहनत आहे आणि ती बऱ्याच लोकांची आहे. त्या साखळीतली एक मोठी कडी म्हणजे शिकागोच्या डॉ. जॅनेट राउली. चार मुलांची आई असलेल्या या बाईंनी वीसेक वर्षं आठवड्यातून फक्त काही दिवस काम केलं, आणि तरीही कॅन्सरकडे बघण्याची जगाची नजर बदलली. त्यांनी नेमकं काय शोधलं, ते कसं शोधलं आणि त्याचा आपल्या घरातल्या आजारी माणसाशी काय संबंध आहे, हे आज समजून घेऊ.

जागा तीनच, त्याही भरलेल्या

जॅनेट यांचा जन्म ५ एप्रिल १९२५ चा, न्यूयॉर्कचा. वाढल्या शिकागोत. त्या एकुलत्या एक. घरात शिक्षणाचं वातावरण होतं. १५ व्या वर्षीच त्यांना शिकागो विद्यापीठाच्या एका खास अभ्यासक्रमासाठी शिष्यवृत्ती मिळाली. शाळेची शेवटची दोन वर्षं आणि कॉलेजची पहिली दोन वर्षं त्यात एकत्र शिकवली जात.

पुढे मेडिकलला नंबर लागला, पण लगेच प्रवेश मिळाला नाही. ६५ जणांच्या वर्गात मुलींसाठी जागा होत्या तीन, आणि त्या वर्षीच्या तिन्ही भरल्या होत्या. गुण कमी पडले म्हणून नाही, तर मुलगी असल्यामुळे त्यांना नऊ महिने थांबावं लागलं. १९४८ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी डॉ. डोनाल्ड राउली यांच्याशी त्यांचं लग्न झालं. डोनाल्ड हेही पुढे पॅथॉलॉजीचे संशोधक म्हणून नावाजले.

मग चार मुलगे झाले. मुलं लहान असताना जॅनेट यांनी पूर्ण वेळ नोकरी केली नाही, पण डॉक्टरकी सोडलीही नाही. बाळंतिणी आणि तान्ह्या बाळांच्या सरकारी दवाखान्यांत, नंतर शिकागोत मतिमंद मुलांच्या एका क्लिनिकमध्ये त्या आठवड्यातले काही दिवस जात. तिथे डाउन सिंड्रोम असलेली मुलं येत. १९५९ मध्ये फ्रान्सच्या संशोधकांनी दाखवून दिलं की या मुलांच्या पेशींत २१ नंबरचं एक गुणसूत्र जास्तीचं असतं. क्लिनिकमध्ये रोज दिसणाऱ्या मुलांच्या स्थितीचं कारण मायक्रोस्कोपखाली दिसू शकतं, ही गोष्ट जॅनेट यांच्या मनात घर करून बसली.

सुट्टीतलं शिक्षण

१९६१ मध्ये डोनाल्ड यांना वर्षभरासाठी इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला जायचं होतं. मुलांना घेऊन जॅनेटही गेल्या. नवऱ्याच्या कामासाठी परदेशी गेलेली बायको घर सांभाळते, ही आपल्याकडचीच नव्हे, तिथलीही रीत होती. जॅनेट यांनी त्या वर्षात घरही सांभाळलं आणि गुणसूत्रांचा अभ्यास कसा करायचा हेही तिथल्या प्रयोगशाळेत शिकून घेतलं.

१९६२ मध्ये शिकागोला परतल्यावर त्या विद्यापीठातले रक्तविकारतज्ज्ञ डॉ. लिऑन जेकबसन यांना भेटल्या. मागणी अगदी सरळ होती : एक मायक्रोस्कोप, बसायला थोडी जागा आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईचा पगार निघेल एवढं मानधन. आठवड्यातून तीन दिवस काम करीन, असं त्यांनी सांगितलं. जेकबसन यांनी वर्षाला ५,००० डॉलरवर त्यांना ठेवून घेतलं. संशोधनाचा मोठा अनुभव नसलेल्या, अर्धवेळ काम मागणाऱ्या बाईला अशी संधी तेव्हा क्वचितच मिळत असे. जेकबसन यांनी त्यांना आपल्या ल्युकेमियाच्या रुग्णांच्या पेशी बघायला दिल्या.

गुणसूत्र म्हणजे काय?

आता थोडं विज्ञान. नववी-दहावीच्या मुलांना हे पुस्तकात आहेच, पण घरातल्या मोठ्यांसाठी पुन्हा सांगते.

आपलं शरीर पेशींचं बनलेलं आहे. बहुतेक प्रत्येक पेशीच्या मध्यभागी एक केंद्रक असतं आणि त्यात शरीर चालवण्याच्या सगळ्या सूचना लिहिलेल्या असतात. या सूचना ४६ गठ्ठ्यांत बांधलेल्या असतात. या गठ्ठ्यांना गुणसूत्रं म्हणतात. निम्मी अम्मीकडून येतात, निम्मी अब्बांकडून, म्हणून त्यांच्या २३ जोड्या. ढोबळमानाने मोठ्या जोडीला १ नंबर आणि पुढे लहान होत जातील तसे २, ३ असे नंबर दिलेले आहेत. गठ्ठ्यातली एकेक सूचना म्हणजे एक जनुक, ज्याला आपण जीन म्हणतो.

गुणसूत्रं एरवी दिसत नाहीत. पेशी दुभागायला लागते तेव्हाच ती आखडून जाड होतात. त्या क्षणी पेशी थांबवायची, काचेवर पसरवायची, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपमधून फोटो काढायचा. मग त्या फोटोतलं एकेक गुणसूत्र कात्रीने कापायचं आणि जोड्या लावून कागदावर चिकटवायचं.

१९६० मध्ये अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात पीटर नॉवेल आणि डेव्हिड हंगरफर्ड या दोघांना सीएमएलच्या रुग्णांमध्ये एक विचित्र गोष्ट दिसली होती. त्यांच्या रक्तपेशींत एक छोटं गुणसूत्र नेहमीपेक्षाही आखूड होतं, जणू त्याचं टोक कुणी तोडून नेलंय. शहराच्या नावावरून त्याला 'फिलाडेल्फिया गुणसूत्र' म्हणू लागले. ते २२ नंबरचं गुणसूत्र आहे, हे पुढे कळलं.

कॅन्सरच्या एका प्रकारात पुन्हा पुन्हा तोच दोष दिसतोय, ही मोठी बातमी होती. पण दोन प्रश्न तसेच राहिले. तुटलेला तुकडा गेला कुठे? आणि हा दोष कॅन्सरचं कारण आहे, की कॅन्सर झाल्यावर पेशींत जी मोडतोड होते तिचा एक भाग? त्या काळी बहुतेक तज्ज्ञांना दुसरी गोष्ट खरी वाटत होती. कॅन्सरच्या पेशींत गुणसूत्रांचा नुसता गोंधळ असतो, त्यात अर्थ शोधण्यात हशील नाही, असं ते म्हणत.

डायनिंग टेबलवरची प्रयोगशाळा

जॅनेट यांचीही पहिली काही वर्षं फारसं हाती न लागता गेली. अडचण अशी की जुन्या रंगात सगळी गुणसूत्रं एकसारखी काळी दिसत. शाळेच्या मैदानावर एकाच गणवेशात ५०० मुलं उभी असावीत आणि लांबून आपलं पोर ओळखायचं असावं, तशी गत.

१९७० च्या सुमारास ही अडचण सुटली. स्वीडनमध्ये टॉर्ब्योर्न कॅस्परसन यांच्या गटाला आढळलं की क्विनाक्रिनच्या जातीचा रंग दिला तर गुणसूत्रांवर उजळ-फिकट पट्टे उमटतात आणि प्रत्येक जोडीचे पट्टे वेगळे असतात. क्विनाक्रिन म्हणजे मलेरियावर पूर्वी देत ते औषध. आता प्रत्येक गुणसूत्राला स्वतःचा चेहरा मिळाला. १९७०-७१ मध्ये राउली कुटुंब पुन्हा एका वर्षासाठी ऑक्सफर्डला गेलं. जॅनेट ही नवी पद्धत तिथे शिकल्या आणि शिकागोत येऊन जुन्या-नव्या रुग्णांच्या नमुन्यांवर वापरू लागल्या.

फोटो त्या घरी आणत आणि डायनिंग टेबलवर पसरून गुणसूत्रं कापत बसत. अम्मीला कागदी बाहुल्या कापायचे पैसे मिळतात, अशी त्यांची मुलं चेष्टा करायची. त्या 'कागदी बाहुल्यां'तूनच पुढचा शोध निघाला.

१९७२ मध्ये त्यांना एका वेगळ्या ल्युकेमियाच्या, म्हणजे एएमएलच्या, रुग्णांत काहीतरी खटकलं. ८ नंबर आणि २१ नंबरच्या गुणसूत्रांनी आपापले तुकडे एकमेकांशी बदलले होते. अमेरिकेतल्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचा लेख परत पाठवला. १९७३ मध्ये तो फ्रान्सच्या एका नियतकालिकात छापून आला.

त्याच काळात त्या सीएमएलच्या नमुन्यांकडे वळल्या. आखूड झालेलं २२ नंबरचं गुणसूत्र तर सगळ्यांना माहीत होतं. पण पट्टे नीट बघताना त्यांच्या लक्षात आलं की ९ नंबरच्या एका गुणसूत्राच्या टोकाला थोडासा जास्तीचा भाग आहे. जेवढं २२ आखूड, साधारण तेवढंच ९ लांब. एका रुग्णात दिसलं, दुसऱ्यात दिसलं, तिसऱ्यातही तेच. म्हणजे तुकडा हरवलेला नव्हता. तो ९ नंबरवर जाऊन बसला होता.

जून १९७३ मध्ये हा शोध 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात प्रसिद्ध झाला. लेखिका एकच : जॅनेट राउली. वय ४८.

कारण की परिणाम?

एवढ्यावर सगळ्यांना पटलं असं नाही. बऱ्याच जणांनी 'ठीक आहे, पण त्याने काय होतं?' असंच म्हटलं. जॅनेट मात्र बघत राहिल्या. १९७७ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एपीएल नावाच्या तिसऱ्या प्रकारात १५ आणि १७ नंबरच्या गुणसूत्रांची अदलाबदल दाखवली.

आता चित्र स्पष्ट होऊ लागलं. एका प्रकारच्या ल्युकेमियात नेहमी ९-२२, दुसऱ्यात ८-२१, तिसऱ्यात १५-१७. नुसताच गोंधळ असता तर रोज वेगळे तुकडे दिसले असते. वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या वर्षी चोरी व्हावी आणि प्रत्येक वेळी तोच दरवाजा, तेच कुलूप तुटलेलं असावं, तर पोलीस त्याला योगायोग म्हणणार नाहीत. १९९० पर्यंत जगभरच्या संशोधकांनी वेगवेगळ्या कॅन्सरमध्ये अशा ७० हून अधिक अदलाबदली शोधल्या होत्या.

गुणसूत्राच्या आत, म्हणजे रेणूंच्या पातळीवर, काय घडतं हे पुढच्या पिढीच्या संशोधकांनी उलगडलं. १९८२ मध्ये कळलं की ९ नंबरवरचं 'एबीएल' नावाचं जनुक तुटून २२ नंबरवर येतं, म्हणजे अदलाबदल दोन्ही बाजूंनी असते. तिथे ते 'बीसीआर' नावाच्या जनुकाला चिकटतं. दोन वेगवेगळ्या पुस्तकांची पानं बाइंडरने चुकून एकत्र शिवावीत आणि त्यातून एक भलतीच सूचना तयार व्हावी, तसं हे आहे.

ती सूचना काय करते? एबीएल जनुकापासून एक प्रथिन तयार होतं. त्याच्याकडे पेशींच्या वाढीचं काम असतं. एरवी ते गरजेपुरतं चालू होतं आणि बंद होतं. घरच्या पाण्याच्या मोटरसारखं समजा. टाकी भरली की बटण बंद करायचं. बीसीआर-एबीएल या जोडप्रथिनात हे बटण चालू स्थितीतच अडकतं. टाकी भरून वाहते तरी मोटर थांबत नाही. बोन मॅरोत पांढऱ्या पेशी नको तितक्या तयार होत राहतात, रक्तात साठतात आणि प्लीहा, म्हणजे आपल्या बोलीतली तिल्ली, फुगत जाते.

१९९० मध्ये शास्त्रज्ञांनी हे जोडजनुक उंदरांच्या बोन मॅरोत घातलं, तेव्हा उंदरांना सीएमएलसारखाच आजार झाला. गुणसूत्रांची ती अदलाबदल आजाराचा परिणाम नसून कारण आहे, हे आता पक्कं झालं.

अडकलेलं बटण बंद करणारी गोळी

दोष कुठे आहे ते कळल्यावर इलाजाची दिशा मिळाली. जुन्या केमोथेरपीत वेगाने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर मारा होतो. म्हणून केस जातात, तोंड येतं, उलट्या होतात. नवा विचार असा होता की फक्त ते अडकलेलं बटणच बंद करता येईल का?

स्वित्झर्लंडच्या सीबा-गायगी कंपनीत (पुढे तिची नोव्हार्टिस झाली) निकोलस लिडन यांच्या गटाने असं रसायन बनवलं. अमेरिकेत ओरेगॉन राज्यातले डॉ. ब्रायन ड्रुकर ते रुग्णांपर्यंत नेण्यासाठी मागे लागले. १९९८ मध्ये पहिल्या रुग्णाला गोळी दिली. पुरेसा डोस मिळालेल्या ५४ रुग्णांपैकी ५३ जणांचं रक्त नॉर्मल झालं. १० मे २००१ रोजी अमेरिकेत या औषधाला मंजुरी मिळाली. त्याचं नाव इमॅटिनिब. कंपनीचं नाव ग्लिवेक. पुढच्या मोठ्या अभ्यासात, या गोळीवर सुरुवात केलेल्या रुग्णांपैकी सुमारे ८३ टक्के लोक दहा वर्षांनंतरही हयात असल्याचं दिसलं.

१५-१७ ची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. एपीएल हा एके काळी सर्वांत झपाट्याने जीव घेणारा ल्युकेमिया होता. चीनमध्ये शांघायच्या डॉ. वांग झेनयी यांनी १९८५ मध्ये पाच वर्षांच्या एका मुलीला 'अ' जीवनसत्त्वाच्या कुळातलं एक औषध दिलं आणि ती बरी झाली. १९८८ मध्ये त्यांच्या गटाने २४ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. नंतर कळलं की १५-१७ च्या अदलाबदलीत तुटणारं १७ नंबरवरचं जनुक नेमकं याच 'अ' जीवनसत्त्वाशी जोडलेलं आहे. आज वेळेवर उपचार सुरू झाले तर एपीएलचे बहुसंख्य रुग्ण पूर्ण बरे होतात.

म्हणूनच रक्ताचा कॅन्सर म्हटल्यावर 'कोणता?' हा प्रश्न इतका महत्त्वाचा आहे. रिपोर्टमध्ये ९-२२ लिहिलंय की १५-१७, यावर इलाज ठरतो.

गोळी आपल्यापर्यंत कशी आली

औषध निघालं, पण त्याची किंमत? आपल्या देशात ग्लिवेकचा महिन्याचा खर्च सुमारे १ लाख २० हजार रुपये होता. भारतीय कंपन्यांची तीच गोळी ८ ते १० हजारांत मिळत होती. नोव्हार्टिसने १९९८ मध्ये या औषधाच्या एका खास स्फटिकरूपासाठी भारतात पेटंटचा अर्ज केला होता. पेटंट मिळालं असतं तर स्वस्त गोळ्या बंद झाल्या असत्या. या अर्जाला विरोध करणाऱ्यांत मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन ही संस्था होती. २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला आणि प्रकरण शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेलं.

१ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(ड) सांगतं की माहीत असलेल्या औषधाचं नुसतं रूप बदलून नवं पेटंट मिळणार नाही, त्याचा रुग्णावरचा गुण वाढलेला दाखवावा लागेल. तो दाखवला गेला नाही, म्हणून पेटंट नाकारलं गेलं. त्यामुळे आज आपल्याकडच्या मेडिकलमध्ये इमॅटिनिब वेगवेगळ्या भारतीय कंपन्यांच्या नावाने मिळतं.

शिकागोच्या डायनिंग टेबलवर सुरू झालेली गोष्ट अशी दिल्लीच्या कोर्टातून आपल्या घरापर्यंत पोहोचली.

घरच्यांनी लक्षात ठेवायच्या गोष्टी

इलाज डॉक्टरच ठरवतील. पण काही गोष्टी घरातल्या प्रत्येकाला माहीत असाव्यात.

पहिली गोष्ट : सीएमएल खानदानी नाही. ९-२२ ची अदलाबदल आई-बापाकडून मिळत नाही. ती जन्मानंतर बोन मॅरोतल्या एका पेशीत घडते आणि मुलांकडे जात नाही. हा आजार संसर्गजन्यही नाही. एका ताटात जेवल्याने, एका घरात राहिल्याने तो होत नाही. "भावाला रक्ताचा कॅन्सर आहे" म्हणून बहिणीचं स्थळ मोडणं किंवा रिश्ता तुटेल म्हणून आजार लपवून इलाजाला उशीर करणं, याला काहीच आधार नाही.

दुसरी : सुरुवातीला लक्षणं फारशी नसतात. सततचा थकवा, वजन कमी होणं, रात्री घाम येणं, पोटात डाव्या बाजूला वर जड वाटणं किंवा थोडं खाल्लं तरी पोट भरणं, एवढंच. अनेकदा दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सीबीसी रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी खूप वाढलेल्या दिसतात. आपल्या देशात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी वयात, तिशी-चाळिशीतही आढळतो. म्हणजे नेमका घरातला कमावता माणूस. सीबीसीत पांढऱ्या पेशी फार वाढल्या असतील तर रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा. बीसीआर-एबीएलची तपासणी झाली की खरं काय ते कळतं.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची : गोळी चुकवू नका. दोन-तीन महिन्यांत रक्त नॉर्मल होतं, माणसाला बरं वाटतं आणि मग "आता कशाला?" म्हणून गोळी बंद होते किंवा पैसे वाचवायला एक दिवसाआड घेतली जाते. आजार परत डोकं काढतो तो इथेच, आणि कधी कधी तीच गोळी मग चालेनाशी होते. काही रुग्णांची गोळी काही वर्षांनी बंद करता येते, पण ते डॉक्टर ठरावीक काळाने बीसीआर-एबीएलचं प्रमाण मोजून ठरवतात. गोळी सहसा जेवणासोबत आणि भरपूर पाण्याबरोबर घ्यायची असते. त्यामुळे रमजानच्या आधीच डॉक्टरांशी वेळेबद्दल बोलून घ्या. वेळ बदलता येईल का हे त्यांना विचारा, पण स्वतःच्या मनाने डोस वगळू नका. गरोदर असलेल्या किंवा मूल हवं असलेल्या बहिणींनी तर आधी डॉक्टरांना सांगायलाच हवं, कारण गरोदरपणात ही गोळी बाळाला धोकादायक ठरू शकते.

चौथी : खर्चाची काळजी असेल तर घर गहाण टाकण्याआधी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात जा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि धर्मादाय मदतीची माहिती तिथे मिळते. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये सोबत ठेवा.

तीन दिवसांचंही काम होतं

जॅनेट राउली यांना १९९८ मध्ये लास्कर पुरस्कार मिळाला. त्यात त्यांच्यासोबत फिलाडेल्फियाचे पीटर नॉवेलही होते. २००९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांकडून तिथला सर्वोच्च नागरी सन्मान, प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, त्यांना मिळाला. ऐंशी ओलांडल्यावरही त्या प्रयोगशाळेत जात होत्या. १७ डिसेंबर २०१३ रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

शिक्षिका म्हणून त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट मला आपल्या घरांपर्यंत पोहोचवावीशी वाटते. दहावी-बारावीला विज्ञानात चांगले गुण मिळवणाऱ्या मुली आमच्या शाळांत दरवर्षी असतात. काही बीएस्सी करतात, काही डीएमएलटी, फार्मसी, काही अगदी डॉक्टरही होतात. मग निकाह होतो, मुलं होतात आणि डिग्री कपाटात जाते. सासरचे लोक वाईट असतात असं नाही. "पूर्ण वेळ जमणार नाही, मग सोडूनच दे" असा सरळ हिशेब केला जातो. एक तर सगळं, नाहीतर काहीच नाही.

राउली यांनी हा हिशेब मानला नाही. मुलं लहान होती तेव्हा थोडं काम केलं, पण धागा तुटू दिला नाही. नवऱ्याबरोबर परदेशी गेल्या तर तिथेही शिकल्या. मात्र हेही खरं की त्यांना साथ मिळाली. नवऱ्याची मिळाली, मुलं सांभाळणारी बाई मिळाली आणि "तीन दिवस? चालेल" म्हणणारा एक वरिष्ठ मिळाला. एकट्या मुलीच्या हिमतीवर हे होत नाही. आठवड्यातले तीन दिवस नातवंडं सांभाळणारी सासू, संध्याकाळी स्वतः डबे भरणारा नवरा आणि अर्धवेळ काम द्यायला तयार असलेला लॅबवाला किंवा शाळाचालक, हे सगळे त्या कामात सामील असतात.

आपल्या घरात अशी एखादी शिकलेली सून किंवा मुलगी असेल, तर तिला या महिन्यात एकदा विचारा : आठवड्यातले किती दिवस तुला जमतील?